खाडीची हवा आणि रायफलीचं पोलाद

पनवेल, खारघर, नेरूळ, वाशी या पट्ट्यातल्या एखाद्या नेमबाजाने बोल्ट-ॲक्शन रायफल आपल्या मापाने बांधून घ्यायची ठरवली, तर त्याने युरोपातले कॅटलॉग उघडण्याआधी इथल्या जुलै महिन्याचा विचार करावा. नळीला लेप कोणता द्यायचा आणि स्टॉक कशाचा घ्यायचा, हे दोन प्रश्न दुकानदार वेगवेगळे विचारतो. ठाण्याच्या खाडीकाठी मात्र तो एकच प्रश्न आहे. इथे गंज धरतो तो बहुधा दिसणाऱ्या भागाला नव्हे. पोलाद आणि स्टॉक जिथे एकमेकांना चिकटतात, तिथे तो आधी सुरू होतो.

हा विषय मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजीत, शातोरूच्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचं सुवर्ण आणलं होतं. नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवात कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून झाली. आपल्या उंबऱ्याशी, पनवेलला, ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. आज आपल्याकडे मापाने बांधलेली रायफल म्हणजे प्रामुख्याने स्पर्धेची रायफल, ५.६ मिलिमीटर म्हणजे पॉइंट टू-टू बोअरची. प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने उचलायचा, मागे ओढायचा, काडतूस सरकवायचं आणि बोल्ट बंद करायचा. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचं. इतक्या बारीक हिशेबात हवामानाची ढवळाढवळ परवडत नाही.

आता ती हवा पाहू. लोखंड गंजायला पाऊस लागत नाही. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि इथे जुलैत ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. त्यात मिठाची भर. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्री मिठात असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच पाझरू लागतं. म्हणजे वाऱ्याने आलेला किंवा तळहाताच्या घामातून उतरलेला मिठाचा कण नळीवर बसला, की पावसाचा थेंबही न पडता तिथे खारट पाण्याचा ठिपका तयार होतो. त्या ठिपक्याखाली पोलाद पोखरलं जातं. ठाणे-बेलापूर आणि तळोजा पट्ट्यातल्या कारखान्यांचे आम्लधर्मी वायू त्यात मिसळले तर गंजाचं काम आणखी सोपं होतं.

याहून फसवी गोष्ट एसीची. जुलैत इथल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २२ अंशांच्या गाडीतून किंवा खोलीतून रायफल बाहेर काढली की थंड पोलादावर लगेच दव धरतं, बाहेर, आत, बोल्टच्या फटीत आणि स्टॉकच्या खाचेतही. म्हणून पेटी उघडण्याची घाई करू नये; ती बंद असतानाच आतली रायफल बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

लेपांमध्ये सर्वांत जुना आणि देखणा म्हणजे ब्ल्यूइंग. यात पोलादाच्या पृष्ठभागाचंच रूपांतर मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये होतं. माप बदलत नाही, रंग गहिरा येतो, पण संरक्षण म्हणाल तर ते त्या थरात मुरलेल्या तेलाचं असतं. तेल पुसलं गेलं की संरक्षणही गेलं. कोरड्या, थंड प्रदेशात ते चालून जातं. नेरूळमध्ये रोज पुसण्याची शिस्त नसेल तर ब्ल्यूइंगच्या भरवशावर राहू नये.

आपल्या देशातल्या सरकारी कारखान्याने वेगळा रस्ता धरला होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरला ७.६२ मिलिमीटरची २ए आणि मग २ए१ ही बोल्ट-ॲक्शन रायफल तयार झाली. तिच्या पोलादावर फॉस्फेटचा खडबडीत थर आणि त्यावर जाड काळा रंग असे. फॉस्फेट रंगाला धरून ठेवतो आणि रंग पाणी अडवतो. लाकडी पुढचा भाग चिरू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रूही घालत. संग्राहक या रायफलीला कुरूप म्हणतात. मला तो आपल्या हवेला दिलेला शहाणा प्रतिसाद वाटतो.

आजचे सिरॅमिक लेप हेच तत्त्व पुढे नेतात. सेराकोटसारख्या लेपात बारीक सिरॅमिक कण असलेलं पॉलिमर फवारून भट्टीत पक्कं करतात. थर साधारण २५ मायक्रॉनचा. मीठ आणि घाम यांच्यासमोर तो ब्ल्यूइंगपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मात्र २५ मायक्रॉन सगळीकडे चालत नाहीत. गोल बोल्टवर दोन्ही बाजूंनी थर बसला की व्यास ५० मायक्रॉनने वाढतो, आणि स्पर्धेच्या रायफलीत बोल्ट सरकण्याची जागा मुळातच घट्ट असते. बोल्टला नायट्रायडिंग (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) किंवा दोन-चार मायक्रॉनचा डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा, लेप योग्य. नळीला बाहेरून आणि रिसीव्हरला सिरॅमिक. नळीच्या आतल्या आट्यांवर आणि चेंबरमध्ये यातला फवाऱ्याचा कुठलाही लेप जात नाही, जाऊही नये. तिथे पॉइंट टू-टूच्या गोळीवरचं मेणासारखं वंगण पातळ थर सोडतं, तेवढाच आधार. म्हणून आतली निगा शेवटी चिंधी आणि तेलाचीच.

‘स्टेनलेस घेतली की प्रश्न मिटला’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. ते अर्धं खरं आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांच्या पोलादात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. नळीसाठी बहुतेक वेळा वापरतात त्या ४१६ जातीच्या पोलादात क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि यंत्रावर सुबक कापलं जावं म्हणून गंधक मिसळलेलं. खारट ठिपक्याखाली अशा नळीलाही बारीक खड्डे पडतात. साध्या पोलादापेक्षा ती नक्कीच सरस आहे, पण तिलाही लेप द्यावा.

आता स्टॉक. अक्रोडाचं लाकूड शतकानुशतकं बंदुकीसाठी वापरलं गेलं ते उगाच नाही. ते मजबूत आहे, धक्का झेलतं, कोरीव कामाला हात देतं आणि गालाला उबदार लागतं. पण लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. ८५ टक्के आर्द्रतेत मुरलेल्या लाकडात सुमारे १८ टक्के पाणी असतं. एप्रिल-मेच्या कोरड्या दिल्लीत तेच ६ टक्क्यांच्या आसपास येतं. पूर्ण फरक पडू दिला तर ५० मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात मिलिमीटरभर वाढ-घट होऊ शकते. पनवेलला सराव करून तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर उतरलेल्या नेमबाजाची रायफल अशा वेळी वेगळ्या जागी गोळी टाकू लागते. दोष त्याच्या श्वासाचा नसतो, स्टॉकमधल्या स्क्रूचा ताण बदललेला असतो.

जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेल पाजत. आपल्या विदर्भातलं जवस तेच. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, शोभा आणतं, ओघळणारं पाणी अडवतं. बाष्प मात्र त्यातून आरपार जातं. (जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका. घट्ट होताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात.) तेव्हा अक्रोडच हवा असेल तर नळी बसते त्या आतल्या खाचेवर आणि बटपट्टीखाली लाकडाच्या उघड्या रेषांवर इपॉक्सीचा लेप मारून घ्या. कारागीर बाहेरचा भाग आरशासारखा करतो आणि आतला कोरा सोडतो. बाष्प नेमकं तिथून शिरतं आणि ते ओलं लाकूड महिनोन् महिने नळीच्या पोटाला लागून राहतं. लॅमिनेट, म्हणजे पातळ पापुद्रे राळेने दाबून केलेला स्टॉक, बराच स्थिर असतो. वजन जास्त असलं तरी स्पर्धेच्या नियमात आठ किलोपर्यंत मुभा आहे.

थ्री पोझिशन्सच्या नेमबाजाने मात्र ॲल्युमिनियमचा स्टॉक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही स्थितींत गालपट्टी, बटपट्टी, हाताचा टेका सरकवता येतो, आणि आर्द्रतेचा त्यावर परिणाम होत नाही. पण ॲल्युमिनियम आणि पोलाद खारट ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक झीज सुरू होते. ॲनोडायझिंगचा थर ती अडवतो. जिथे तो खरवडला असेल, विशेषतः स्क्रूच्या भोकांशी, तिथे ग्रीस हवंच.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण गांभीर्याने. रबाळे, महापे किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत लेपाचं काम जाणणारे कुशल कारागीर आहेत. तरीही नळी किंवा बोल्ट त्यांच्याकडे परस्पर नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही अग्निशस्त्रात मोडतात, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्ती वा फेरफाराला परवाना लागतो. काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यावं. लेपाआधी पृष्ठभाग वाळूने घासतात; त्यात रायफलीचा क्रमांक आणि ठसे पुसट होता कामा नयेत. ओळखचिन्ह काढणं किंवा बदलणं कलम ८ खाली गुन्हा आहे. क्रमांकावर पट्टी लावूनच घासकाम करा, हे लेखी सांगा.

नवी मुंबईत राहणाऱ्याला माझा सल्ला असा: स्टेनलेस नळी, तिच्यावर आणि रिसीव्हरवर मंद रंगाचा सिरॅमिक लेप, नायट्राइड केलेला बोल्ट, ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमचा स्टॉक. लाकडाची ओढ असेल तर लॅमिनेट, आतून-बाहेरून बंद केलेला. पैसे कमी पडत असतील तर लेपाचा रंग आणि नक्षी सोडा, पण सिलिका जेल आणि आर्द्रतामापक असलेलं कुलूपबंद कपाट सोडू नका. फोमच्या पेटीत पावसाळाभर रायफल ठेवू नका; फोम ओलावा धरून ठेवतो. आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला, गनस्मिथने शिकवल्याप्रमाणे, स्टॉक उतरवून नळीचा खालचा भाग डोळ्यांनी पाहा.