यांत्रिक होडीची निगा व किरकोळ दुरुस्ती

गोमंतकाच्या किनाऱ्यावर वल्ह्यांच्या जोडीला आऊटबोर्ड इंजिन आले आणि पारंपरिक मच्छीमाराच्या होडीचा पल्ला वाढला. मात्र वल्ह्याला खाऱ्या पाण्याची फारशी बाधा होत नाही, इंजिनाला होते. बेतुल येथे साळ नदीच्या मुखाशी, तसेच शापोरा नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तेथे होडी सरळ राखण्यास इंजिनाचा जोर लागतो. नेमके तेथेच ते बंद पडल्यास होडी लाटेला आडवी होऊन उलटण्याचा धोका संभवतो. असा बिघाड बहुधा एका दिवसाचा नसतो. किनाऱ्यावर अनेक दिवस झालेल्या हेळसांडीचे ते फळ असते.

निगेचा पहिला नियम गोड्या पाण्याचा. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते न्यूट्रलमध्ये, मंद गतीने सुमारे १० मिनिटे चालवावे. त्यामुळे आतील वाटांतील मीठ धुऊन निघते. पाण्याविना इंजिन क्षणभरही चालवू नये. पंपातील रबरी चक्र त्याने जळते. इंजिन चालू असताना बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार हे थंडावा नीट मिळत असल्याचे चिन्ह होय. धार थांबताच इंजिन बंद करावे आणि पाणी ओढण्याच्या जाळीत प्लास्टिक वा गाळ अडकला आहे काय, ते पाहावे.

इंजिनाच्या खालच्या भागास जस्ताचा एक तुकडा जोडलेला असतो. खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजतो व इतर धातू वाचवितो. म्हणून त्यावर रंग देऊ नये आणि तो निम्मा झिजताच बदलावा. गिअरचे तेल साधारण १०० तासांनी वा सहा महिन्यांनी बदलावे. काढलेले तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास आत पाणी शिरते आहे, असे समजावे. पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला जाळ्याचा दोरा सील कापतो व पाण्याला वाट करून देतो; यास्तव पंखा अधूनमधून काढून पाहणे हिताचे.

अनेक लहान इंजिनांत पंखा एका मऊ धातूच्या पिनेने अडकविलेला असतो. पंखा खडकावर आदळल्यास ती पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकणे म्हणजे अल्प खर्च वाचवून मोठा ओढवून घेणे होय.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते ओलावा शोषते. त्यामुळे पेट्रोल फार दिवस साठवू नये, टाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढावे व गाळणी साफ ठेवावी. तेल मिसळण्याचे प्रमाण इंजिनासोबतच्या पुस्तिकेनुसारच असावे.

फायबरच्या होडीला पडलेली लहान भेग घरीही बुजविता येते. भोवतालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, पॉलिशपेपरने घासावा आणि हार्डनर मिसळलेल्या रेझिनने काचतंतूंचे थर द्यावेत. हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, हातमोजे घालून करावे. भेग कण्याशी किंवा इंजिन बसविलेल्या फळीत असल्यास मात्र जाणत्या कारागिरालाच बोलवावे.

१ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ या तपासणीस सोयीचा आहे. नारळी पौर्णिमेला दर्यास नारळ अर्पण करण्यापूर्वी तांडेलाने होडीतील पिशवीही पाहावी : जादा स्पार्क प्लग, पिन, पाना, पक्कड व इंजिन ओढण्याची दोरी. वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट यांना पर्याय नाही. समुद्रात संकट ओढवल्यास भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ असावा.