बांधकाम आणि शेजारधर्म

रस्ता, पूल, बाजारपेठ किंवा वस्तीची नवी उभारणी असे कोणतेही मोठे काम निघाले म्हणजे त्यात तीन पक्ष असतात. काम करविणारे सरकार हा पहिला, काम करणारा कंत्राटदार हा दुसरा, आणि त्या कामाला लागून ज्याचे घर किंवा दुकान आहे तो शेजारी हा तिसरा. पहिल्या दोघांमध्ये रीतसर करारनामा होतो, त्यावर सह्याशिक्के होतात, मुदती ठरतात आणि मुदत टळल्यास दंडही ठरतो. तिसऱ्याशी मात्र कोणीच काही ठरवीत नाही. त्याला कामाची पहिली वार्ता कळते ती बहुधा दाराशी येऊन ठेपलेल्या यंत्राच्या घरघराटाने! धूळ त्याने खावी, खड्डा त्याने ओलांडावा, गिऱ्हाईक त्याने गमवावे आणि वर 'विकासाला आडवा आला' हा बोलही त्यानेच ऐकावा, अशी आमच्याकडील रीत होऊन बसली आहे. ही रीत मोडली पाहिजे, आणि ती मोडण्याचा आरंभ हेमलकसा-भामरागडसारख्या दूरच्या टोकापासून व्हावा, असे आमचे मत आहे.

आमच्या काही वाचकांस या दोन नावांचा एकदम उल्लेख झालेला पाहून नवल वाटेल. हेमलकसा म्हटले की बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांचे रुग्णालय, एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर, पर्लकोटा नदीपलीकडे, भामरागड हे तालुक्याचे ठाणे आहे. तेथे कचेऱ्या आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, किराणा व कापडाची दुकाने आहेत, आणि सभोवारच्या पाड्यांतील माडिया लोकांचा आठवडी बाजार आहे. पूर्वीच्या ग्रामपंचायतीच्या जागी तेथे आता नगरपंचायत आली आहे. आलापल्लीहून हेमलकशावरून भामरागडास येणारा आणि पुढे छत्तीसगडातील नारायणपूरकडे रोख असलेला रस्ता राष्ट्रीय महामार्ग ठरला आहे, आणि पर्लकोटेवर उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले. सारांश, अरण्यातील एक गाव आमच्या डोळ्यांदेखत शहर होऊ पाहत आहे.

हा पूल हवा की नको, असा प्रश्नच नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडापाशी एकत्र येतात. इंद्रावती फुगली म्हणजे बाकीच्या दोघींचे पाणी मागे हटते, जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचे ठाणे जगापासून तुटते. २०१९ सालच्या पावसाळ्यात असे एकदा नव्हे, अनेकदा घडले, आणि बाजारपेठेत पाणी शिरून दुकानदारांचा माल भिजला. अशा वेळी एका तीरावर बाजार आणि कचेऱ्या, दुसऱ्या तीरावर लोकबिरादरीचे रुग्णालय, अशी स्थिती होते. बाळंतीण अडली किंवा कोणाला साप चावला, तर मधले अंतर किती थोडे आहे याने काही फरक पडत नाही. तेव्हा पूल हवा, रस्ता हवा, गटारेही हवीत. आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्याच्या सुखासाठी हे काम काढले, त्याला ते काम चालू असेतोवर कोणी विचारीत नाही, हा न्याय नव्हे.

याचे एक साधे उदाहरण घेऊ. जुनी मोरी फोडून नवी बांधावयाची, तोवर बाजूने मातीमुरमाचा वळणरस्ता करावयाचा आणि त्याखाली सिमेंटचे नळ टाकावयाचे, ही नेहमीची पद्धत आहे. उन्हाळ्यात तो रस्ता पुरतो. पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून जातो. येथे चूक बांधणीची नाही, पंचांगाची आहे. कंत्राटदाराचे वर्ष कार्यादेशाच्या तारखेपासून मोजले जाते. या प्रदेशाचे वर्ष मृगापासून मोजले जाते. कोणती मोरी कोणत्या महिन्यात फोडू नये, पाणी कोठवर चढते, बाजाराच्या दिवशी पाड्यांतील माणसे कोणत्या वाटेने येतात, तेंदूपाने तोडण्याचे दिवस कोणते, हे सर्व शेजारच्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. कचेरीतील नकाशाला ठाऊक नसते. त्या म्हाताऱ्याला आधी विचारण्यास एक संध्याकाळ लागते, आणि न विचारल्यास कधीकधी सबंध पावसाळा लागतो.

कोणी म्हणेल, विचारावयाचे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर हेमलकशानेच फार पूर्वी देऊन ठेवले आहे. आमटे दांपत्य तेथे गेले तेव्हा लोक त्यांच्याकडे औषधालाही येईनात. तेव्हा त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, लोकांचा विश्वास संपादन केला आणि मग औषध चालू लागले. सार्वजनिक कामाचाही हाच क्रम असला पाहिजे. कचेरीच्या भिंतीवर मराठीत छापलेली जाहिरात चिकटवून 'लोकांस कळविले' असे समाधान मानणे म्हणजे बहिऱ्यापुढे सनई वाजविणे होय. बाजाराच्या दिवशी, बाजारातच, माडियात चार वाक्ये बोलणारा एक माणूस अशा दहा जाहिरातींचे काम करील.

आता कायद्याकडे वळू. भामरागड तालुका हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रातील गावांसाठी १९९६ साली संसदेने जो कायदा केला, त्यास लोक 'पेसा' म्हणतात. त्यान्वये भूमिसंपादनापूर्वी ग्रामसभेचा अथवा योग्य त्या पंचायतीचा सल्ला घेणे बंधनकारक आहे. याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची चाल पाडून २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला, हे सर्वश्रुत आहे. परंतु गावाची नगरपंचायत झाली, की ग्रामसभा जाते आणि तिच्याबरोबर हे संरक्षणही जाते. नगरांसाठी तसाच कायदा करण्याचे विधेयक २००१ साली संसदेत मांडले गेले. पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे जेथे बांधकाम थोडे तेथे विचारण्याची सक्ती आहे, आणि जेथे बांधकाम दाट होऊ लागते, भिंतीला भिंत व दुकानाला दुकान लागू लागते, तेथे ती सक्ती नाही! गाव मोठे झाले म्हणून तेथील माणसाचा आवाज लहान व्हावा, यापरता विपरीत न्याय कोणता?

मोठ्या शहरांचा अनुभव पाहिला तर हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, हा हेतू उत्तमच होता. पण पाडणे भराभर आणि बांधणे सावकाश, असा प्रकार झाल्याने उठविलेली माणसे शेजारच्याच चाळींत शिरली, आणि एका गल्लीतील गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली. शेजाऱ्याचा हिशेब नकाशात धरला नाही, म्हणजे सुधारणा स्वतःचाच पराभव कसा करते, याचा हा जुना धडा आहे.

नवा धडा त्याच शहरात मिळतो. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी गिरगाव-काळबादेवीतील जुन्या इमारती पाडण्याचे ठरताच रहिवाशांनी मोठा विरोध केला. त्याच विभागात पुनर्वसन करण्याचे आश्वासन द्यावे लागले. पुढे २०१७ साली दक्षिण मुंबईतील रात्रीच्या कामाचा उपद्रव थेट उच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत काम थांबविले. निवासी भागात रात्री आवाज किती असावा, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ठरवूनच दिले होते: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आधी शेजाऱ्यांबरोबर बसून वेळापत्रक ठरविले असते, तर जे दिवाणखान्यात मिटले असते ते न्यायमंदिरात न्यावे लागले. वरळीच्या बीडीडी चाळींचेही तसेच. भूमिपूजन २०१७ साली झाले. पण आधी लेखी करार, मग घर रिकामे, असा आग्रह रहिवाशांनी धरला. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणारा माणूस विकासाचा शत्रू खासच नव्हता. त्याला कागद हवा होता, इतकेच.

परदेशांत काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात १९९६ सालच्या सामाईक भिंतीच्या कायद्यान्वये शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी दोन महिने, आणि जवळपास खोल पाया खणण्यापूर्वी एक महिना, लेखी सूचना द्यावी लागते. फ्रान्समधील अनेक शहरांत ट्रामचे रूळ घालताना ज्या दुकानदारांचा धंदा बसतो, त्यांच्या नुकसानीचा सामोपचाराने निवाडा करणाऱ्या समित्या नेमल्या जातात. जपानात काम सुरू करण्यापूर्वी बांधकाम करणाराने शेजारच्या घरोघरी जाऊन, लहानशी भेटवस्तू देऊन, होणाऱ्या त्रासाबद्दल आगाऊ क्षमा मागण्याचा शिष्टाचार आहे. या तिन्ही गोष्टींना खर्च फारसा नाही. शेजाऱ्याला माणूस मानण्याची मात्र तयारी लागते.

यावर आक्षेप दोन येतात. पहिला असा, की चार जणांस विचारीत बसले तर कामे रखडतील. परंतु वर सांगितलेल्या उदाहरणांत कामे रखडली ती विचारल्यामुळे नव्हे, न विचारल्यामुळे. दुसरा आक्षेप गडचिरोलीपुरता आहे आणि तो अधिक गंभीर आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली आणि त्याच दिवशी स्फोटात १५ पोलिस जवान बळी पडले. जेथे कामाला बंदुकीचा पहारा लागला, तेथे चर्चा कसली करता, असे कोणी विचारील. आम्ही उलट विचारतो: जेथे रस्ता हाच वर्षानुवर्षे संशयाचा विषय झाला, तेथे रस्ता कोणाचा व कशासाठी हे लोकांस समजावून सांगण्याची गरज अधिक नाही काय? पहारा यंत्राचे रक्षण करील. रस्त्याविषयी आपलेपणा उत्पन्न करणे त्याच्या हाती नाही.

तेव्हा करावे काय, ते स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट, काम सुरू होण्यापूर्वी निदान एक महिना शेजारच्या घरांना व दुकानांना लेखी आणि तोंडी, त्यांच्या भाषेत, कामाचे स्वरूप, आरंभ व शेवट कळवावा. दुसरी, पावसाळा, बाजाराचा दिवस, परीक्षा आणि सुगी यांचा विचार करून वेळापत्रक शेजाऱ्यांसह ठरवावे, आणि मृगापूर्वी जी वाट पुरी होणार नाही ती फोडू नये. तिसरी, रुग्णालयाकडे जाणारी वाट कोणत्याही दिवशी बंद राहणार नाही, अशी अट करारनाम्यातच घालावी, आणि ती मोडल्यास उशिराच्या दंडाहून अधिक दंड असावा. चौथी, तक्रार ऐकण्यासाठी एकच अधिकारी नेमून त्याचे नाव कामाच्या जागी फलकावर लावावे. आज सार्वजनिक बांधकाम खाते नगरपंचायतीकडे बोट दाखविते, नगरपंचायत महामार्गाकडे, आणि महामार्ग कंत्राटदाराकडे. पाचवी, ज्याची इंचभरही जमीन गेली नाही पण ज्याच्या दुकानापुढे वर्षभर खड्डा राहिला, त्याच्या नुकसानीसाठी अंदाजपत्रकात एक रकाना असावा. पाथारीवाल्यांस हलवावयाचे तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस दिलीच पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे, त्यांचा हक्क आहे.

आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. शेजारधर्म एकतर्फी नसतो. दुकानाची पायरी गटारावर, पाल रस्त्यावर आणि मालाच्या गोण्या पादचाऱ्याच्या वाटेवर, असा कारभार चालवून मग रुंदीकरणाच्या वेळी 'आम्हांस कोणी विचारले नाही' अशी ओरड करणे शोभत नाही. आधी आपली हद्द आपण ओळखावी. संघटितपणे एक प्रतिनिधी निवडून द्यावा, बैठकीस हजर राहावे, आणि जे ठरेल ते पाळावे. सभेत गप्प बसायचे आणि सभेनंतर चहाच्या टपरीवर बोलायचे, ही सवय सोडल्यावाचून कोणताही अधिकारी आपले ऐकणार नाही.

भामरागड आज लहान आहे, हेच त्याचे भाग्य आहे. मुंबईला जी घडी आता बसविणे कठीण, ती या ठाण्याला सहज बसविता येईल. तेथे घरे मोजकी, दुकाने मोजकी आणि बहुतेक माणसे एकमेकांस नावाने ओळखणारी आहेत. नगरपंचायतीने मनात आणले तर ग्रामसभेची गेलेली चाल ठराव करून प्रभागसभेच्या रूपाने परत आणता येईल. त्यासाठी दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहावयास नको. पर्लकोटेच्या अलीकडच्या तीरावर पन्नासाहून अधिक वर्षे जे काम चालले आहे, त्याचे नावच 'लोकबिरादरी' आहे. त्या नावाचा अर्थ पलीकडच्या तीरावरील बांधकामाच्या करारनाम्यातही उतरावा, एवढीच आमची नगरपंचायतीस, बांधकाम खात्यास आणि भामरागडच्या नागरिकांस विनंती आहे.