शेवटचं प्रकरण : जैविक सक्रियता

रसायनशास्त्रातल्या पीएच.डी. प्रबंधाचा साचा बऱ्याचदा ठरलेला असतो. आधी संश्लेषण, मग स्पेक्ट्रा, आणि शेवटी ‘जैविक सक्रियता’ नावाचं आटोपशीर प्रकरण. तीस-चाळीस नवी संयुगं जमली की ती छोट्या कुप्यांत भरून ओळखीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे ‘ॲक्टिव्हिटीसाठी’ रवाना होतात. काही दिवसांनी तक्ता येतो आणि प्रबंधात जाऊन बसतो. व्हायवात त्या तक्त्याबद्दल खोलात विचारलं, की संशोधक गाईडकडे बघू लागतो.

छत्रपती संभाजीनगरात ही गोष्ट जास्त खटकते, कारण रसायन आणि जीव एकत्र नांदले की काय घडतं, याचं उदाहरण याच शहरात आहे. 1958 साली स्थापन झालेलं विद्यापीठ शहराच्या एका टोकाला, तर वोक्हार्टचं संशोधन केंद्र दुसऱ्या टोकाला, चिकलठाणा एमआयडीसीत. या केंद्रानं नॅडिफ्लॉक्सासिन हे जुनं औषध हाती घेतलं. मूळचं जपानी, मुरुमांवर लावायचं. त्याचे रेणू दोन प्रकारचे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे. त्यांतला एक जंतूंवर जास्त प्रभावी. पण तो पाण्यात नीट विरघळेना, मग शिरेतून द्यायचा कसा? त्याला आर्जिनिन या अमिनो आम्लाची जोड देऊन विरघळणारा क्षार तयार झाला. गोळीसाठी ॲलानिन जोडलं. ते पोटात गेल्यावर शरीरातली विकरंच तोडून टाकतात आणि मूळ औषध मोकळं होतं. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवरही चालणारं हे लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन. जानेवारी 2020 मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी ‘एमरॉक’ या नावानं त्याला मान्यता दिली. यातला कोणता टप्पा रसायनाचा आणि कोणता जीवशास्त्राचा, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे.

विद्यार्थ्याला हे शिकवायचं तर त्याला प्लेटसमोर उभं करावं लागतं. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट. आठ ओळी, बारा रकाने, 96 खळगे. पहिल्या खळग्यात संयुगाचं प्रमाण मिलिलिटरला 128 मायक्रोग्रॅम, पुढच्यात 64, मग 32, असं दर खेपेला निम्मं. एका खळग्यात संयुगाविना नुसते जंतू, एकात नुसतं पोषक द्रव. रात्रभर 37 अंशांच्या आसपास इन्क्युबेटरमध्ये. सकाळी जिथं द्रव गढूळ, तिथं जंतू वाढले. जिथं नितळ, तिथं संयुगानं त्यांना रोखलं.

गंमत पुढे आहे. वरच्या प्रमाणात संयुग स्वतःच साक्यासारखं खाली बसतं आणि नितळ खळगाही गढूळ दिसतो. फक्त जीवशास्त्र शिकलेला त्याला जंतूंची वाढ समजेल. ज्यानं ते संयुग स्वतः फ्लास्कमधून काढलंय, त्याला ते किती हट्टी आहे हे ठाऊक असतं. तो रेझाझुरिनचे दोन थेंब टाकून बघेल. जिवंत जंतू असले तर निळा रंग गुलाबी होतो.

उलटी फसगतही होते. 2010 साली जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, अनेक वेगवेगळ्या चाचण्यांत ‘सक्रिय’ दिसून दिशाभूल करणाऱ्या रेणूंची यादीच मांडली. त्यात ऱ्होडॅनिनचं कुटुंब आहे. अल्डिहाइडबरोबर ते सहज जुळतं, म्हणून संश्लेषण करणाऱ्यांचं लाडकं. तक्त्यात त्याचे आकडे झकास येतात, औषध मात्र हाती लागेलच असं नाही.

रसायन आणि जीवशास्त्र यांच्यातली भिंत प्रवेशापासूनच उभी राहते. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत रासायनिक विज्ञान आणि जीवविज्ञान असे वेगळे पेपर, एकच निवडायचा. पूर्वी ही भिंत ओलांडली गेलीच नाही असं नाही. मुंबईत रसायन घेऊन पदवीधर झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करू लागल्या. केंब्रिजला त्यांनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं आणि 1939 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण हे एकटीच्या जिद्दीवर झालं. अमेरिकेत 1990च्या दशकापासून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर ‘रसायन-जीवशास्त्र सीमा’ या नावाचे प्रशिक्षण कार्यक्रम विद्यापीठांत चालतात. तिथं दोन्ही बाजूंची तालीम हा शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांत किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क आहे आणि सहमार्गदर्शक घेण्याची मुभाही. पुण्याच्या एनसीएलसारख्या प्रयोगशाळांतून पीएच.डी. करणाऱ्यांना सहा ते आठ आठवड्यांचा ग्रामीण प्रकल्प करावा लागतो. तेवढेच आठवडे रसायनवाल्यानं इन्क्युबेटरपाशी आणि जीवशास्त्रवाल्यानं फ्यूम हूडखाली काढायला काय हरकत आहे? बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर दिवस काढणाऱ्या मुलांचा त्यात वेळ वाया जाणार नाही, उलट नोकरीच्या मुलाखतीत तोच कामी येईल.

तोवर प्रबंध तपासणाऱ्या प्राध्यापकांनी एवढं करावं : व्हायवात शेवटचं प्रकरण आधी उघडावं आणि विचारावं, “ही प्लेट तुम्ही स्वतः लावली होती का?”