दुपट्यातला खुबा

आंजर्ल्यात पहिलं बाळंतपण माहेरीच. न्हाणीत आजी पाटावर पाय लांब करून बसते, नातीला पायांवर पालथी घेते, खोबरेल चोळून जिरवते, ऊन पाणी घालते. इथवर सगळं उत्तम. मग येतं दुपटं. दोन्ही पाय सरळ जुळवून गच्च बांधायचे, ‘नाहीतर फेंगडे होतात’ म्हणून. माझा आक्षेप या बांधण्याला आहे. तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी कोवळी, उथळ असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसला तरच ती खोल होते. पाय ताणून बांधले की गोळा काठाकडे सरकतो. जपानमध्ये 1975च्या सुमारास असं बांधणं थांबवण्याची मोहीम निघाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. दुपटं छातीशी बसतं असू दे, कमरेखाली पाय बेडकासारखे हलले पाहिजेत.

तपासणी मी जवळून पाहिली आहे. बाळ उघडं, दूध प्यालेलं, शांत हवं. रडलं तर थांबायचं, आवळलेल्या स्नायूंतून काही कळत नाही. डॉक्टर गुडघे दुमडतात. अंगठा मांडीच्या आत, बोटं बाहेर खुब्याच्या उंचवट्यावर, आणि एकेक पाय अलगद फाकवतात. निखळलेला गोळा वाटीत परतताना बोटांना खटका जाणवतो. इटलीतल्या ओर्तोलानींनी 1937मध्ये वर्णन केलेली ही खूण तिसऱ्या महिन्यानंतर सहसा सापडत नाही. मग पाय कमी फाकतो का, गुडघे वरखाली दिसतात का, हे लसीच्या दर खेपेला बघायचं.

लवकर सापडलं तर पाव्लिकचे पट्टे पुरतात. पाय दुमडून फाकलेले ठेवायचे, दिवसरात्र, साधारण दोन-तीन महिने. कोकणच्या घामात गुडघ्यामागची घडी कोरडी ठेवणं हे आईचं मोठं काम. सहा महिने उलटले की भूल देऊन गोळा बसवणं आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर. मूल चालू लागल्यावर कळलं तर बहुधा शस्त्रक्रियाच.

कड्यावरच्या गणपतीचा चढ चढताना तिशीतल्या बाईच्या जांघेत कळ आली, तर ‘वात’ म्हणून सोडू नये, एक्स-रे काढावा. खुबा उथळ निघाला आणि कूर्चा शाबूत असली, तर वाटीचं हाड कापून ती फिरवून बसवता येते. बर्नच्या गांझ यांनी 1984मध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली. सांधा पार झिजल्यावर कृत्रिम खुबाच उरतो.

अशा बाईच्या लेकीचा खुबा जन्मतःच बघायला हवा. पायाळू मुलांचाही. उसण भरली की त्यांचा पाय पाठीला लावून घेतात, पण पोटात उलट्या राहिलेल्या या बाळांनाच धोका जास्त. मुलगी असेल तर आणखी. त्यांची सहाव्या आठवड्याला सोनोग्राफी करून घ्यावी. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे, तेव्हा आशाताईंना विचारायला संकोच नको.