खांद्यावरचा वेताळ

टेबलावरच्या युद्धखेळात मेलेल्यांची फौज उभी करायची म्हटली की बाजारात आधी सांगाडे मिळतात. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने 1983मध्ये ‘वॉरहॅमर’ आणला आणि त्या खेळाबरोबर बोटभर उंचीचे सांगाडे, ममी, रक्तपिपासू सरदार जगभर पोचले. हौशी माणसं ते कापतात, जोडतात, त्यातून वेगळंच काही घडवतात. याला कन्व्हर्जन म्हणतात. मला त्यातून घडवायचा आहे तो वेताळ.

जयपूरच्या वैशाली नगरात राहताना त्याची आठवण होतेच. हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाच्या सांगण्यावरून सुरत कवीने वेताळकथा संस्कृतातून ब्रजभाषेत आणल्या. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांचीच हिंदुस्थानी ‘बैताल पचीसी’ झाली.

वेताळ म्हणजे सांगाडा नव्हे. प्रेत दुसऱ्या कुणाचं, आत शिरलेला हा. म्हणून मांस खरवडून, हाडं उघडी करून तो साधत नाही. अंगाची ठेवण बदलावी लागते. प्लास्टिकचा झोंबी कमरेत कापायचा, पुढे वाकवायचा, पावलं घोट्यातून सोडवून उलटी बसवायची. प्रत्येक सांध्यात बारीक भोक पाडून पितळी तार घालायची, कारण नुसता सुपरग्लू धक्क्याला टिकत नाही. फटी भरायला ग्रीन स्टफ: निळी-पिवळी पुटी मळून हिरवी झाली की कामाला लागायचं. जयपूरच्या मे महिन्यात ती भराभर घट्ट होते; थोडी थोडीच मळावी. बोट आणि हत्यार ओलं ठेवलं नाही तर ती चिकटते.

खरी कसोटी खांद्याची. ‘चांदोबा’ मासिकात चित्रकार शंकर यांनी काढलेला, वेताळाला खांद्यावर वाहून नेणारा विक्रम राजा आठवा: उपसलेली तलवार, पाठीवर लोंबणारं प्रेत. त्या प्रेताचं वजन राजाच्या गुडघ्यांत दिसायला हवं. विक्रमासाठी घेतलेल्या ताठ उभ्या सैनिकावर मुडदा नुसता चिकटवला, तर ते उपरणं वाटतं. सैनिकाचा एक गुडघा कापून वाकवला की ओझं खरं होतं.

वेताळाला गोव्यात बेताळ म्हणतात; त्याच्या तिथल्या दगडी मूर्तींत बरगड्या वर आलेल्या असतात आणि खोल गेलेल्या पोटावर विंचू असतो. तो विंचू मी सुईच्या टोकाने पुटीत काढतो. बरगड्यांमधे पातळ तपकिरी रंग सोडायचा, वाळला की उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा, फिकट ब्रश फिरवायचा.

यानंतर मुंजा, म्हणजे मुंज होऊन मेलेल्या मुलाचं भूत. सुटे भाग ज्या चौकटीत येतात, तिची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखा धागा निघतो. त्याचं जानवं होईल.