शुद्ध केलेल्या पाण्यांतील घाण कोठें जाते?

शहरांतील मैलापाणी शुद्ध करून मग नदींत सोडावें लागतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकांत वाचलेंच असेल. परंतु पाणी शुद्ध झालें म्हणजे त्यांतील घाण गेली कोठें, हा प्रश्न पुस्तकें सहसा विचारीत नाहींत. सृष्टींत कोणताहि पदार्थ समूळ नाहींसा होत नाहीं. तो आपलें रूप तरी बदलतो किंवा जागा तरी. पाण्यांतील घाणीचा कांहीं भाग जंतु खाऊन टाकतात व त्याचा वायु होऊन तो हवेंत मिसळतो. उरलेला भाग टाकीच्या तळाशीं काळ्या चिखलासारखा बसतो. या गाळाची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मैलापाणी शुद्ध करण्याची जी रीत आज जगभर रूढ आहे, ती सन १९१४ मध्यें मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली. त्यांनीं मैलापाण्यांत हवेचे बुडबुडे सोडले, मग तें निवळूं दिलें व वरचें नितळ पाणी काढून घेतलें. परंतु तळचा गाळ फेकून न देतां त्यावरच पुन्हां नवें मैलापाणी ओतलें. घरांत दही लावण्याकरितां आदल्या दिवसाचें विरजण जपून ठेवतात, त्यांतलाच हा प्रकार. असें वारंवार केल्यावर गाळांत जंतूंची एवढी दाटी झाली कीं, ज्या कामास आरंभीं कित्येक आठवडे लागत तें कांहीं तासांत होऊं लागलें. मात्र विरजण वाढत जातें, तसा गाळहि वाढत जातो, आणि रोज साचणाऱ्या या गाळाचें करावयाचें काय ही चिंता प्रत्येक मोठ्या शहरास पडते.

आपल्याकडे मैल्याच्या खतास सोनखत म्हणतात, तें नांव उगीच पडलेलें नाहीं. पिकास लागणारीं नायट्रोजन व फॉस्फरस हीं दोन्ही द्रव्यें गाळांत भरपूर असतात. अमेरिकेंतील मिलवॉकी शहर तर आपला गाळ वाळवून, पोत्यांत भरून सन १९२६ पासून खत म्हणून विकत आलें आहे. पुष्कळ ठिकाणीं गाळ प्रथम बंद टाकींत कुजवितात. तेथें हवा नसते. हवेवांचून जगणारे जंतु त्याचें पचन करितात व जळणारा वायु बाहेर टाकतात. आपल्या खेड्यांतील शेणवायूचें यंत्र याच तत्त्वावर चालतें. या कामीं मुंबईचेंहि नांव इतिहासांत आहे. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत सन १८९७ मध्यें मैल्याच्या टाकींतील वायु धरून त्यावर इंजिन चालविलें होतें.

येथवर सर्व ठीक वाटतें. पाणी नदीस, वायु इंजिनास व गाळ शेतास! परंतु पाण्यांतून गाळांत नेमकें काय उतरतें हें पाहिलें पाहिजे. हळद पाण्यांत टाकली तर बहुतेक तळाशीं बसते. तीच फोडणींत टाकली कीं तेलास लागलीच रंग चढतो. पदार्थांपदार्थांत अशा आवडीनिवडी असतात. जीं द्रव्यें पाण्याशीं फटकून वागतात व स्निग्ध पदार्थांस चिकटतात, तीं मैलापाण्यांतून निघून गाळाच्या कणांवर जाऊन बसतात. प्लॅस्टिक मऊ करण्याकरितां त्यांत घालतात तीं तेलें, धुराची काजळी, कित्येक औषधें, कपडे धुण्याच्या चूर्णांतील कांहीं घटक, हीं सर्व या वर्गांत येतात. रसायनशास्त्र यांस सेंद्रिय म्हणतें, कारण त्यांच्या घडणींत कार्बन असतो. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, असा जो बाजारांत समज आहे, त्याचा या शब्दाशीं कांहींएक संबंध नाहीं.

यांपैकीं एकाची कथा विशेष बोधप्रद आहे. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या लांब नांवाचें एक द्रव्य धुण्याच्या चूर्णांत व लोकर धुण्याच्या गिरण्यांत फार वापरीत असत. त्याच्या रेणूचें एक टोक तेलकट असतें व दुसऱ्या टोकास पाण्याची आवड असलेली एक लांब सांखळी असते. तेलकट टोक मळास धरतें, सांखळी पाण्यास धरते आणि मळ सुटतो. मैलापाण्यांत आल्यावर जंतु ही सांखळी शेवटाकडून एकेक कडी तोडून खातात. सांखळी संपली कीं तेलकट टोक उघडें पडतें. हेंच नोनिलफिनॉल. बिनहवेच्या टाकींत जंतूंस तें पुढें पचत नाहीं. शिवाय पाण्याशीं धरून ठेवणारी सांखळी तुटल्यामुळें तें सरळ गाळांत शिरतें. म्हणजे ज्या क्रियेनें पाणी शुद्ध झालें, तिनेंच एका सौम्य द्रव्याचें अधिक विषारी द्रव्य करून ठेविलें!

ही गोष्ट स्वित्झर्लंडमधील झ्यूरिकजवळच्या जलसंशोधन संस्थेंतील वाल्टर गीगर व त्यांचे सहकारी यांनीं सन १९८४ मध्यें उघडकीस आणिली. बंद टाकींत कुजविलेल्या गाळांत, दर किलो कोरड्या वजनामागें सरासरीनें सुमारें एक ग्रॅम नोनिलफिनॉल त्यांस आढळलें. अशीं द्रव्यें बहुधा ग्रॅमच्या सहस्रांशांत मोजावीं लागतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे एक ग्रॅम हा आंकडा केवढा मोठा आहे तें कळेल.

नोनिलफिनॉल माशांस विषारी आहे, हें माहीत होतें. त्याचा दुसरा गुण सन १९९१ मध्यें बॉस्टन येथें अवचित समजला. ॲना सोटो व कार्लोस सोन्नेनशाइन हे संशोधक शरीरांतील पेशी नळ्यांत वाढवीत होते. या पेशी स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन नांवाच्या अंतःस्रावावांचून वाढावयाच्या नाहींत, पण त्या तशाच वाढूं लागल्या. शोध करितां नळीच्या प्लॅस्टिकमधून नोनिलफिनॉल पाझरत असून तें इस्ट्रोजेनचें सोंग घेत आहे, असें आढळलें. पुढें इंग्लंडांतील एअर नदींत, जेथें लोकरीच्या गिरण्यांचें पाणी येऊन मिळे, तेथील नर माशांच्या शरीरांत अंड्याच्या बलकाचें प्रथिन तयार होतांना दिसलें. तें प्रथिन खरें पाहतां मादीनेंच करावयाचें.

स्वित्झर्लंडनें मात्र बॉस्टनच्या शोधाची वाट पाहिली नव्हती. सन १९८६ मध्येंच तेथें कपडे धुण्याच्या चूर्णांत हें द्रव्य घालण्यास बंदी झाली, आणि त्यानंतर गाळांतील नोनिलफिनॉल पुष्कळ उतरलें. शुद्धीकरणाच्या टाक्या त्याच, जंतु तेच; बदललें होतें तें धुण्याचें चूर्ण. युरोपीय संघानें असा कायदा सन २००३ मध्यें केला. एवढा उशीर कां लागावा, हें आम्हांस कळत नाहीं. दैवानें नोनिलफिनॉल हवेशीर जमिनींत पडलें म्हणजे कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेक विघटन पावतें. टाकींत जें हवेच्या अभावीं अडलें, तें शेतांत मोकळें होतें.

परंतु सर्वच द्रव्यांस मातीचा हा गुण लागू पडत नाहीं. ज्यांच्या रेणूंत कार्बन व फ्लोरिन हे अनेक ठिकाणीं एकमेकांस घट्ट धरून असतात, अशीं कृत्रिम द्रव्यें आहेत. पाणी व तेल न लागणारें कापड, कागद व आग विझविण्याचा फेस यांत तीं वापरीत आले आहेत. तीं जंतूंस तुटत नाहींत. अमेरिकेच्या मेन संस्थानांतील एका गोठ्याच्या दुधांत हीं द्रव्यें सन २०१६ मध्यें सांपडलीं. त्या शेतांत पूर्वीं अनेक वर्षें खत म्हणून गाळ टाकलेला होता. गाळांतून माती, मातींतून गवत, गवतांतून गाय व गाईंतून दूध, असा त्यांचा प्रवास झाला. शेतकऱ्याचा यांत दोष तो कोणता? खत चांगलें म्हणून त्यानें घेतलें. सन २०२२ मध्यें त्या संस्थानानें गाळ शेतांत टाकण्यास कायद्यानें मनाई केली.

स्वित्झर्लंडनेंहि सन २००६ पासून गाळाचें खत बंद करून तो जाळण्याचा मार्ग धरिला. डेन्मार्कनें वेगळा विचार केला. गाळ शेतास द्यावा, परंतु त्यांत नोनिलफिनॉल, प्लॅस्टिकचें तेल, काजळींतील द्रव्यें व धुण्याच्या चूर्णांतील आणखी एक द्रव्य, यांचें प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या वर नसावें, असा नियम केला. दर किलो कोरड्या गाळांत नोनिलफिनॉलची व त्याच्या निकटच्या द्रव्यांची मर्यादा अवघी १० मिलिग्रॅम ठेविली. गाळ जाळला कीं त्यांतील नायट्रोजन धुरावाटे जातो. तो शेतास परत मिळत नाहीं. म्हणून सोनखताचा सरसकट त्याग करण्यापेक्षां डेन्मार्कची रीत आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते; मात्र न तुटणाऱ्या द्रव्यांपुढें तीहि पुरी पडत नाहीं, हें मेनच्या उदाहरणावरून उघड आहे.

त्या संस्थानांत ज्या जमिनी आधींच दूषित झाल्या, त्यांचें काय करावें हा प्रश्न शेतकऱ्यांपुढें आहे. गवत व पालेभाज्या यांच्या मानानें धान्याच्या दाण्यांत हीं द्रव्यें पुष्कळ कमी उतरतात असें आढळल्यावरून, अशा शेतांत चाऱ्याच्या ऐवजीं दाण्याकरितां मका घेण्याचे प्रयत्न तेथें सुरू झाले आहेत.