ग्लोव्ह्ज नंतर, आधी पट्टी!

बॉक्सिंग क्लास लावतेय म्हटल्यावर घरच्यांना माझ्या नाकाची काळजी. मला मात्र बोटांची! आमचा फ्रीलान्सर लोकांचा अख्खा धंदा की-बोर्डवर चालतो. हात महिनाभर प्लास्टरमध्ये गेला, तर घरभाडं कोण भरणार? वेडावाकडा ठोसा बसला की करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. त्याला डॉक्टरांनी नावच दिलंय, बॉक्सर्स फ्रॅक्चर.

म्हणून शॉपिंगचा श्रीगणेशा हॅण्डरॅपने करायचा. हॅण्डरॅप म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी. १८० इंची घ्या, साधारण साडेचार मीटर. १०८ इंची स्वस्त असते, पण ती मुलांची. मोठ्या हातावर मनगट येईस्तोवर संपते. थोडी ताणली जाणारी बरी. आणि दोन जोड मस्ट! घामेजलेली पट्टी रात्रभर बॅगेत राहिली, तर दुसऱ्या दिवशी वासानेच शेजारचा नॉकआउट.

आता ग्लोव्ह्ज. यांचं माप औंसात, म्हणजे वजनात. एक औंस साधारण २८ ग्रॅम. स्पर्धेत वजनगटाप्रमाणे १० किंवा १२ औंस असतात, म्हणून आपणही हलकेच घ्यावेत असं वाटतं. पण औंस वाढला की सहसा पॅडिंग वाढतं आणि नवशिक्या हाताला तेच हवं असतं. बॅग आणि पॅड्सवरच्या सरावाला १२ किंवा १४ पुरतात. स्पॅरिंगला बहुतेक जिममध्ये १६ सांगतात, कारण तिथे समोर कुणाचा तरी चेहरा असतो. धोबीतलावच्या दुकानात जा किंवा मॉलमध्ये, पट्टी बांधूनच ट्राय करा. वेल्क्रोचेच घ्या, नाडीवाले बांधायला दुसरा माणूस लागतो. पहिल्या वर्षी लेदरचा हट्ट नको, सिंथेटिक चालतं. (निखत झरीन २०२२ आणि २०२३ साली वर्ल्ड चॅम्पियन झाली, तरी मुलगी दिसली की दुकानदार आधी गुलाबी रंगच काढतो! रंग राहू दे, मनगटाचा पट्टा किती रुंद आहे ते बघा.)

स्पॅरिंग सुरू होण्याआधी माउथगार्ड हवंच. गरम पाण्यात मऊ करून दातांनी चावायचं, की आपल्या जबड्याचा साचा तयार. मुलांनी गार्ड विसरू नये, कुठलं ते कळलं असेलच.

हेडगार्डबद्दल मात्र गैरसमज फार. त्याने जखमा, खोका वाचतात. डोकं हिसक्याने हलून मेंदूला बसणारा धक्का ते थांबवू शकत नाही. हौशी पुरुषांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ते २०१३मध्ये काढलं गेलं आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय लढले. सरावात ते जरूर घाला, पण 'हेडगार्ड आहे ना, मग खा दणके' म्हणणारा कोच भेटला, तर सरळ क्लास बदला.

बूट सध्या राहू देत. क्लास सुटला की ग्लोव्ह्ज उघडून आत जुना पेपर कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात नको, वरचं रेक्झिन तडकतं.